पाव गोळी

चौदा वर्षांची भाटी, म्हणजे मांजरी, वजन ३.२ किलो, किडनीचं जुनं दुखणं. भुकेसाठी नवी गोळी सुरू केली आणि दुसऱ्या डोसनंतर घरातल्यांनी रात्र जागून काढली. प्रकरण एवढंच. सविस्तर लिहितोय, कारण चिठ्ठी माझ्या हातची होती.

ठमी पुण्यात पेठेतल्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर, आजी आणि त्यांच्या नातवाबरोबर राहते. तिथे आधी वाडा होता. वाडा पाडला त्या वर्षी विहिरीपाशी हे पिल्लू सापडलं, म्हणून वय नक्की सांगता येतं. नाहीतर म्हाताऱ्या मांजरांची वयं आम्ही दातांवरून अंदाजानंच लिहितो. त्या बुधवारी आजी तिला टोपलीत घालून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, वाटीपाशी जाते, वास घेते, मग तोंड फिरवून ओठ चाटत बसते. भूक नाही असं नाही, पण खाववत नाही."

हे निरीक्षण लाखमोलाचं होतं. वाटीपर्यंत जाऊन ओठ चाटत मागे फिरणं म्हणजे मळमळ. किडनी थकली की रक्तात साचणाऱ्या कचऱ्यानं मांजराला दिवसभर मळमळतं, उलटी होतेच असं नाही. दीड वर्षापूर्वी ठमी ४.१ किलो होती. आता रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, ३.४ निघालं. मांजरांच्या किडनीच्या आजाराचे चार टप्पे धरतात आणि २.९ ते ५.० म्हणजे तिसरा टप्पा. लघवी पाण्यासारखी पातळ होती, थायरॉइड ठीक होतं, रक्तदाबही आटोक्यात होता. कातडीखाली सलाईन दिलं आणि भुकेसाठी मिर्टाझापिन लिहिलं.

मिर्टाझापिन हे मुळात माणसांच्या नैराश्यावरचं औषध. अमेरिकेत १९९६ साली त्याला मान्यता मिळाली. ते घेणाऱ्या माणसांची भूक वाढते आणि वजनही वाढतं. माणसाला जो दुष्परिणाम नकोसा वाटतो, नेमका तोच आम्हाला मांजरात हवा असतो. शिवाय मळमळ ज्या दारातून मेंदूत शिरते त्यातलं एक दार हे औषध बंद करतं, म्हणून किडनीच्या मांजराला ते दुहेरी उपयोगी पडतं. अमेरिकेत २०१८ पासून खास मांजरांसाठी त्याचं कानाच्या आतल्या बाजूला लावायचं मलम आहे. माझ्या कपाटात ते नव्हतं. आपल्याकडे बहुतेक वेळा माणसांच्या मेडिकलमधून माणसांची गोळी आणायची आणि तिचे तुकडे करायचे, हाच मार्ग.

चिठ्ठीवर मी लिहिलं: मिर्टाझापिन, पाव गोळी, एक दिवसाआड, संध्याकाळी.

माझ्या डोक्यात साडेसात मिलिग्रॅमची गोळी होती. तिचा पाव म्हणजे १.८८ मिलिग्रॅम, किडनीच्या मांजराला दिवसाआड द्यायची नेमकी मात्रा. "साडेसातची आणा" असं मी तोंडानं म्हणालो होतो, असं मला आठवतं. नातवाला आठवत नाही. कागदावर तो आकडा नव्हता, तेव्हा वाद तिथेच मिटतो. मेडिकलमध्ये त्याला पंधराची स्ट्रिप मिळाली. देणाऱ्याचं काहीच चुकलं नाही. माणसांसाठी पंधरा हीच रोजच्या व्यवहारातली गोळी.

गुरुवारी रात्री आठला पहिला डोस गेला. सव्वानऊला ठमीनं वाटी चाटून पुसून साफ केली आणि ओट्यावर चढून आणखी मागितलं. आजी औषधपाण्याच्या नोंदी कालनिर्णयच्या चौकोनात करतात. दूध, गॅस, बीपीची गोळी, सगळं तिथेच असतं. गुरुवारच्या चौकोनात त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं: "ठ. जेवली. खूप बोलते आहे." शुक्रवारी सकाळी नातवानं मला आवाजी निरोप पाठवला. मागे ठमीचं म्याँव चालूच होतं, आणि तो हसत म्हणत होता की आजीशी तिच्या गप्पा थांबतच नाहीत. मी "वा, छान" असं उत्तर धाडून पुढच्या पेशंटकडे वळलो.

आज तो निरोप ऐकला की त्यातलं म्याँव आधी ऐकू येतं. एरवी दिवसाला चार शब्द बोलणारी म्हातारी मांजर अचानक अखंड बोलायला लागली, तर तो औषधानं दिलेला पहिला इशारा असतो. जेवली या आनंदात तो सगळ्यांच्या कानांवरून गेला, माझ्याही.

शनिवारी रात्री आठला दुसरा डोस. त्यानंतरचं मला दीड मिनिटाच्या व्हिडिओतून कळलं. वेळ पहाटेची २:४०. ट्यूबलाइट लावलेला बोळ. ठमी न्हाणीघराच्या दारापासून बाल्कनीपर्यंत जाते, वळते, परत येते, आणि प्रत्येक वळणावर एक लांब, खालच्या पट्टीतला हंबरडा फोडते. माजावर आलेल्या मांजरीचं ओरडणं वेगळं, भुकेलीचं वेगळं; हे त्या दोन्हींत बसत नव्हतं. लख्ख उजेडातही डोळ्यांच्या बाहुल्या काळ्याभोर, वाटाण्याएवढ्या. मागचे पाय फाकत होते. पाठीची कातडी अधूनमधून थरथरत होती, वाऱ्यानं पाण्यावर लहर उठते तशी. हनुवटीवरून लाळ गळत होती. आणि कॅमेऱ्यामागून आजींचा आवाज: "सोडव रे बाबा आता हिला, किती हाल करशील."

घरात सगळ्यांची खात्री पटली होती की ती जाते आहे. म्हातारं जनावर, किडनी गेलेली, रात्री ओरडतंय, म्हणजे वेदना होताहेत, म्हणजे शेवट आला. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

पहाटे २:५२ ला नातवाचा संदेश आला होता: "डॉक्टर, दुखत असेल का? पॅरासिटामॉलची पाव गोळी देऊ का?" माझा फोन सायलेंटवर होता. मी तो सहा वाजून दहा मिनिटांनी वाचला.

उत्तर आलं नाही म्हणून त्यानं दिली नाही. या प्रकरणात ठमीच्या नशिबाचा भाग असेल तर एवढाच. पॅरासिटामॉल मोडीत काढायला लागणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फार तोकडी असते. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव म्हणजे १२५. ठमीच्या वजनाला किलोमागे जवळजवळ ४० मिलिग्रॅम. याहून कमी मात्रेतही मांजरांना विषबाधा झालेली आहे. रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. पुन्हा तोच शब्द, पाव. आपल्याकडे "पाव गोळी" म्हटलं की काहीतरी निरुपद्रवी, लहान मुलाच्या मापाचं असल्यासारखं वाटतं.

रविवारी साडेसातला दवाखाना उघडून बसलो. ठमीच्या नाडीचे ठोके मिनिटाला २३६, ताप १०३. दाराची कडी वाजली तरी दचकत होती. मी आधी रक्तदाबाकडे गेलो, कारण किडनीच्या मांजरात तो अचानक चढून डोळ्याचा पडदा सुटतो, मांजर एका रात्रीत आंधळं होतं आणि अंधारात भेदरून ओरडत फिरतं. मोठ्या झालेल्या बाहुल्यांचं कोडंही त्यानं सुटलं असतं. दाब १६५ आला, थोडा जास्त, पण रात्रभर धावलेल्या मांजराला तो शोभण्यासारखा. टॉर्च टाकून पडदे पाहिले, जागच्या जागी होते. साखर ठीक, पोटॅशियम ठीक. म्हातारपणी मांजरं भ्रमिष्ट होऊनही रात्री ओरडतात, पण तो आजार महिनोन्महिने हळूहळू चढतो, शनिवारी रात्री साडेनऊला सुरू होत नाही.

मग उरलं फक्त नवं औषध. बुधवारी मी एकच गोष्ट बरोबर केली होती: एका वेळी एकच नवी गोळी सुरू केली होती. तीन सुरू केल्या असत्या तर रविवारी तिघींवर संशय घेत बसलो असतो. कालनिर्णयवरून वेळा जुळत होत्या. दोन्ही वेळा गोळीनंतर तास-दीड तासात, दुसऱ्या वेळी जास्त जोरात.

"गोळी आणलीय का?"

नातवानं शर्टाच्या खिशातून स्ट्रिप काढली. मी ती उलटी केली आणि चंदेरी बाजूवर छापलेला १५ हा आकडा वाचला. मग पुन्हा वाचला. स्ट्रिपबरोबर कागदात गुंडाळलेला उरलेला तुकडाही होता. दोन पाव वापरल्यावर अर्धी गोळी उरायला हवी; तो तुकडा अर्ध्याहून लहान होता. तुकडे कशानं केले विचारलं, तर आजी म्हणाल्या, "अडकित्त्यानं. सुपारीचे बरोबर होतात हो." सुपारीचे होत असतील. वरून पातळ लेप असलेली एवढीशी गोळी अडकित्त्यात चुरडते आणि एक पाव दुसऱ्या पावापेक्षा दांडगा निघतो. तेव्हा ठमीच्या पोटात किमान ३.७५ मिलिग्रॅम गेलं होतं, कदाचित आणखी थोडं.

हिशेब असा. साठ किलोच्या माणसाला १५ मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे पाव मिलिग्रॅम. ठमीला ३.७५ म्हणजे किलोमागे १.१७ मिलिग्रॅम, माणसाच्या साडेचार पटींहून थोडं जास्तच. आणि हे औषध शरीराबाहेर टाकायला थकलेल्या किडनीला वेळ जास्त लागतो. गुरुवारच्या डोसाचं थोडं शनिवारी शिल्लक असताना त्यावर तेवढाच दुसरा पडला.

खरं सांगायचं तर ३.७५ हा आकडा मूर्खपणाचा नाही. पूर्वी आम्ही तोच देत होतो, फक्त तीन दिवसांतून एकदा. २०११ च्या सुमारास अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी दोन्ही मात्रा तपासल्या. १.८८ नंही मांजरं चांगली जेवली, आणि ३.७५ वर ओरडणं नि चळवळ वाढली. पुढे २०१३ साली किडनीच्या अकरा मांजरांवर दिवसाआड १.८८ देऊन पाहिलं, तर भूक आणि वजन वाढलं, उलट्या कमी झाल्या. हे सगळं मला माहीत होतं. साडेसातचा पाव मी त्याचमुळे मनात धरला होता. मनातला आकडा मेडिकलच्या काउंटरपर्यंत पोचला नाही.

ठमीला झालं होतं ते सिरोटोनिनचा अतिरेक. मिर्टाझापिन मेंदूतल्या काही लगामांना सैल करतं आणि सिरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन जास्त सुटतात. माणसाला कमी मात्रेत या गोळीनं झोप येते. मांजराला जास्त झाली की उलटं होतं: ओरडणं, येरझाऱ्या, थरथर, लाळ, धडधड. वेदनेचा त्यात भाग नसतो, पण पाहणाऱ्याला हे कसं कळावं?

यावरचा उतारा महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत एकेकाळी फ्रिजच्या दारात असायचा. सायप्रोहेप्टाडिन, मुलांना "भूक लागायचं औषध" म्हणून दिलं जाणारं सिरप. अ‍ॅलर्जीचं औषध, पण ते सिरोटोनिनला अडवतं. आणि गंमत म्हणजे मांजरांत ते भूक वाढवायलाही वापरतात. म्हणजे भुकेच्या एका औषधावर भुकेचं दुसरं औषध हाच उतारा. म्हणूनच ही दोन्ही एकत्र द्यायची नसतात, एक दुसऱ्याला पुसून टाकतं.

मी चार मिलिग्रॅमची गोळी कुटून पाण्यात कालवली आणि त्यातली निम्मी सिरिंजनं गालाच्या कडेनं हळूहळू दिली. कातडीखाली सलाईन लावलं. त्यानं मिर्टाझापिन धुऊन निघत नाही, पण रात्रभर लाळ गाळत चाललेल्या किडनीच्या मांजराला पाणी हवंच होतं. आतली खोली बंद केली, दिवे मालवले आणि पिंजऱ्यावर आजींनी आणलेलं जुनं मऊ लुगडं टाकलं. या आजारात अंधार आणि शांतता हे निम्मं औषध. आजी बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. चहासुद्धा त्यांनी आवाज न करता प्यायला.

दहापर्यंत ओरडणं विरळ झालं. दुपारी दोनला उरलेलं निम्मं दिलं. संध्याकाळी ठमी पाय पोटाखाली घेऊन बसली होती, बाहुल्या अजून जरा मोठ्या, नाडी १८८. रात्रीसाठी ठेवून घेतली. सोमवारी सकाळी घरी गेली आणि दिवसभर झोपली. मंगळवारी पूर्ववत झाली, म्हणजे वाटीपाशी गेली, वास घेतला आणि ओठ चाटत मागे फिरली.

इथून पुढचा भाग रविवारपेक्षा अवघड होता. आजींनी स्पष्ट सांगितलं, "ते विष आता नको. तिला मानवत नाही." नातू विचारत होता की ठमीला या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का. अशा वेळी घाबरून "आहे" म्हणून टाकणं सोपं असतं. घरचेही निवांत होतात, डॉक्टरही सुटतो. पण मग फाईलवर लाल शाईनं "मिर्टाझापिन चालत नाही" असं कायमचं लिहिलं जातं आणि उपयोगी पडणारं औषध त्या मांजराला जन्मभर मिळत नाही.

काही प्रतिक्रिया मात्रेवर ठरतात, काही मांजरावर. थायरॉइडच्या मेथिमाझोलनं काही मांजरांचा चेहरा इतका खाजतो की ती नखांनी कातडी सोलून काढतात. तिथे मात्रा कमी करून भागत नाही, औषधच बंद करावं लागतं. ठमीचं तसं नव्हतं. औषधाची ओळखीची क्रियाच प्रमाणाबाहेर गेली होती, आणि मात्रा उतरवली की तीही उतरते.

मी आजींना आधी हे सांगितलं की चूक गोळीची नाही, ठमीची नाही, अडकित्त्याचीही फारशी नाही. चिठ्ठीवर आकडा लिहायला हवा होता, तो मी लिहिला नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग आता लिहा की." आजी रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

लिहिलं. मिर्टाझापिन १.८८ मिलिग्रॅम, म्हणजे ७.५ मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव. १५ ची गोळी आणू नये. सुरुवात लगेच केली नाही. आधीचं औषध आणि उतारा दोन्ही अंगातून पूर्ण निघून जावेत म्हणून पुढचा शनिवार गाठला. तोवर सलाईन चालू ठेवलं, खाणं कोमट करून द्यायला सांगितलं. थकलेल्या मांजराला वास आला तरच जेवावंसं वाटतं, आणि गार खाण्याला वास नसतो. आजींनी सुका बोंबील भाजून त्याची चिमूटभर पूड वर टाकायची परवानगी मागितली. बोंबलात मीठ आणि फॉस्फरस, दोन्ही किडनीला वाईट. मी चिमटीत मावेल तेवढीच टाका म्हणालो. न जेवणारं मांजर किडनीच्या आधी उपासानं मरतं.

शनिवारचा डोस सकाळी आठला ठेवला, संध्याकाळी नाही. काही झालंच तर दिवसा व्हावं, सगळे जागे असताना आणि माझा फोन चालू असताना. तुकडे गोळी कापायच्या डबीनं केले. नऊ, साडेनऊ, दहा, दर अर्ध्या तासानं नातू व्हिडिओ पाठवत होता आणि त्यात मी आधी आवाज ऐकत होतो. पावणेदहाला ठमी जेवली. अकराला दोनदा म्याँव केलं. बाराला खिडकीत झोपली. पुढचा डोस मुद्दाम तीन दिवसांनी दिला, त्यानंतरचाही. पंधरा दिवस काही वावगं दिसलं नाही, तेव्हा दिवसाआडवर आलो.

दीड महिन्यानं वजन ३.४५ होतं. क्रिएटिनिन ३.३, म्हणजे किडनी होती तिथेच आहे. ती सुधारणार नाही, हे आजींना माहीत आहे. माझ्या चिठ्ठ्यांवर आता गोळीच्या आधी मिलिग्रॅम येतात, आणि मेडिकलवाले अधूनमधून फोन करून विचारतात की हे एक पूर्णांक अठ्ठ्याऐंशी काय भानगड आहे.

त्या दिवशी निघताना आजींनी पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेली पुडी काढली. पंधराची स्ट्रिप होती, नऊ गोळ्या आणि तो अर्ध्याहून लहान तुकडा.

"डॉक्टर, एवढ्या तो परत घेईल का हो?"

मी म्हटलं, फोडलेली स्ट्रिप नाही घेणार.

"मग तुम्हीच ठेवा," त्या म्हणाल्या आणि पुडी टेबलावर ठेवून ठमीची टोपली उचलली.